साता समुद्रापलीकडचे शिक्षण आणि आपली ओळख

आपल्या विहारात तथागतांच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांची जी तसबीर आहे, तिच्याखाली पदव्यांची ओळ छापलेली आहे. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल.डी., डी.लिट्. जयंतीच्या भाषणात वक्त्याने ही ओळ एका दमात म्हटली की टाळ्या पडतात. पडाव्यातच. पण या पदव्यांच्या मधल्या काळात त्या माणसाचं काय झालं, हे आपण फारसं विचारत नाही. परदेशी जाताना कोण गेला आणि परत आला तेव्हा कोण आला? त्यांचं ते इंग्रजी, ज्यापुढे गोलमेज परिषदेत भलेभले गप्प बसले, ते नेमकं कुठून आलं? विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही हा इतिहास मांडायचं ठरवलं, त्याला कारण आहे. आपल्या वस्तीत आता दोन प्रश्न घरोघर निघतात. एक, पोरांना इंग्रजी माध्यमात घातल्याशिवाय पुढे निभाव लागेल का? आणि दुसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो : पोरगा किंवा पोरगी परदेशी शिकायला गेली, तर ती आपली राहते का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. बाबासाहेब विलायतेला गेले आणि इंग्रजी शिकून आले, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही. त्यांचं इंग्रजी घरात तयार झालं, आणि ते तयार करणारा माणूस होता सुभेदार रामजी सकपाळ. रामजीबाबा लष्करी शाळेत हेडमास्तर होते. शिकवणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. या मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कुठला, आणि हाच का, तो का नाही, असं ते विचारत. भाषांतर म्हणजे दोन भाषा एकमेकींसमोर बसवून तोलणं. ज्याचं इंग्रजी या रीतीनं तयार होतं त्याची मराठी पुसली जात नाही, उलट तीही घासून लख्ख होते. आम्हाला तरी बाबासाहेबांच्या दोन्ही भाषांतल्या ताकदीचं मूळ इथंच दिसतं.

परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच माणसं. मुलाला पहाटे दोन वाजता उठवायचं म्हणून बाप जागा राहायचा. मुलानं एखादं पुस्तक मागितलं आणि हातात पैसे नसले, तर रामजीबाबा लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन पैसे उसने मागायचे. तिच्याकडेही नसले तर तिचा एखादा दागिना गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत जायचा. बाबासाहेबांच्या इंग्रजीत त्या बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा आहे, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगायला हवं. शाळेत संस्कृत शिकायची इच्छा होती. ती अस्पृश्याला शिकवणार नाही म्हटल्यावर पर्शियन घ्यावं लागलं. म्हणजे ज्या देशात स्वतःच्या पूर्वजांच्या इतिहासाची भाषा शिकायला बंदी होती, तिथं इंग्रजीचं दार मात्र किलकिलं होतं. १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले.

आता समुद्र ओलांडण्याची गोष्ट. त्या काळी वरच्या जातीच्या माणसाला समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं होतं. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या, नाहीतर वाळीत पडा. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! लोकांना धास्ती होती ती जात जाण्याची. आपल्या माणसाला ती धास्ती कुठून असणार? त्याला बाटायला काय शिल्लक ठेवलं होतं? ज्याला जात सांभाळायची असते त्याला समुद्राची भीती वाटते. ज्याला जातीनं छळलेलं असतं त्याला तोच समुद्र मोकळा वाटतो.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात करार झाला. महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. रामजीबाबा मात्र हे बघायला नव्हते, ते त्याच वर्षी २ फेब्रुवारीला गेले होते. जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये आधी उतरले. तिथलं जेवण रुचेना म्हणून काही दिवसांतच हलले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली.

चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही महिने त्यांनी मित्रमंडळीत, खेळात घालवले. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. उलट विचार करा. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळं बसवलं, ज्यानं शिपाई नसला की दिवसभर तहान मारली, तो मुलगा आता एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवतोय. त्याच नळाचं पाणी पितोय. कुणी जात विचारत नाही आणि विचारली तरी तिचा अर्थ तिथं कुणाला कळत नाही. त्या मोकळ्या हवेत माणूस चार दिवस हसला-खेळला तर नवल काय? मग मात्र अभ्यासाला बसले ते अठरा-अठरा तास. अर्थशास्त्र मुख्य. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, शिवाय थोडं फ्रेंच आणि जर्मन. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन दोनेक हजार पुस्तकं जमवली. शिष्यवृत्तीतलेच पैसे वाचवून घरी माता रमाईंकडेही पाठवायचे.

तिथल्या इंग्रजीचं काय? बोलणं सराईत झालं असेल, कपडे बदलले, काटा-चमचा आला. पण खरा बदल आमच्या मते वेगळाच आहे. आपल्याकडे शिकणं म्हणजे गुरुजींनी सांगितलेलं पाठ करणं. कोलंबियात जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वी रॉबिन्सन यांच्या वर्गात विद्यार्थ्यानं स्वतःचं म्हणणं मांडायचं, पुरावा द्यायचा आणि समोरच्यानं ते खोडून काढलं तर पुन्हा उभं करायचं. रामजीबाबांनी शब्द दिले होते. या वर्गांनी ते शब्द वापरून वाद घालायला शिकवलं.

याचा पुरावा ९ मे १९१६ चा. त्या दिवशी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास' हा इंग्रजी निबंध वाचला. वय २५. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. निबंधाचा मुद्दा थोडक्यात असा : जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे कुंपण टिकवायचं तर नवऱ्यामागं उरलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न येतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्यातूनच निघाल्या. एका जातीनं दार लावून घेतलं, मग तिचं बघून दुसऱ्यांनी लावलं, आणि काहींच्या तोंडावर ते लावलं गेलं. या सबंध निबंधात स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. जे घरी सोसलं, त्याच्याकडे हा तरुण आता डॉक्टरनं रोगाकडे बघावं तसा बघतोय. परदेशानं त्यांना जर काही दिलं असेल तर हे लांबून बघणं दिलं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही म्हणतात. काठावर आल्यावर ते दिसलं.

ड्यूईंचं ऋण बाबासाहेबांनी शेवटपर्यंत मानलं. १९५२ साली कोलंबियानं मानाची एलएल.डी. द्यायला बोलावलं, तेव्हा गुरूला भेटायची ओढ होती. पण ते वाटेत असतानाच, १ जूनला, ड्यूई वारले.

१९१६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्हीकडे नाव घातलं. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ते २१ ऑगस्ट १९१७ ला मुंबईला उतरले. वेगळ्या बोटीनं पाठवलेलं सामान महायुद्धात बुडालं, त्यात पुस्तकंही गेली. आणि करारातल्या नोकरीसाठी ते बडोद्याला निघाले.

इथं आपल्याला थोडं थांबायला हवं. बडोद्याची हकिकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९० साली पुस्तिका म्हणून छापली. कोलंबिया विद्यापीठात ती विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. तिच्यात ते सांगतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य साधं नाही. जन्मापासून रोज ज्याला त्याची पायरी दाखवली गेली, त्याच्या मनातून ती पायरी चार वर्षांत निघून गेली. म्हणजे ती अंगची नव्हतीच, बाहेरून लादलेली होती. आपल्यापैकी किती जणांना असं एक वर्ष तरी मिळालं असेल?

स्टेशनवर उतरल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला, जायचं कुठं? हिंदू खाणावळीत घेणार नाहीत. बडोद्यात ओळखीचे काही जण होते, अमेरिकेत शिकायला आलेले. त्यांच्या दारात गेलो तर ते घरात घेतील का, याची खात्री वाटेना. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तीच अमेरिका, तसंच शिक्षण, तसंच इंग्रजी. पण त्यांच्यातली जात तिकडच्या हवेनं गेली असेल असं बाबासाहेबांना खात्रीनं म्हणता येईना. परदेशी शिक्षणानं माणूस बदलतोच असं जे म्हणतात त्यांनी हे वाचावं. बदल व्हायला आधी बदलावंसं वाटावं लागतं.

शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथं पारशांशिवाय कुणाला जागा नाही म्हणून रजिस्टरमध्ये पारशी नाव घातलं. दिवसाचं भाडं दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीनं भरलेली जागा, रात्रीला एक कंदील, बोलायला माणूस नाही. दिवसा कचेरीत काम, रात्री पुस्तकात डोकं खुपसून एकटेपणा मारायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि धर्मशाळा बाटवली म्हणून संध्याकाळच्या आत निघायला सांगून गेले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. दुसरा ख्रिस्ती, मूळचा ब्राह्मण, तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारतो. बायको सोवळ्यातली आहे हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. ते रात्री नऊच्या गाडीनं मुंबईला परतले. गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून होते. कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध देऊन आलेला विद्वान!

नवल भथेनाही पारशीच, हेही लक्षात ठेवू. पुढे दुसऱ्यांदा लंडनला जाताना त्यांनीच पाच हजार रुपये उसने दिले.

परदेशात पुसली गेलेली ओळख बडोद्यानं अकरा दिवसांत परत लिहायचा प्रयत्न केला. दुसरा कुणी असता तर काय करता? त्याला दोन वाटा होत्या. एक, पुन्हा बोटीत बसून कायमचं निघून जायचं. दुसरी, कोट-टाय घालून इंग्रजी बोलत आपण त्यातले नाहीच असं दाखवत जगायचं. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, नावं घ्यायला नकोत. बाबासाहेबांनी यातलं काहीच केलं नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथंही पाण्याच्या माठावरून सहकाऱ्यांची कुरकुर झालीच. २७ जानेवारी १९१९ ला त्यांनी साउथबरो कमिटीपुढे इंग्रजीत साक्ष दिली. इंग्रज सरकारला आपल्या समाजाचं दुखणं, आकड्यांनिशी, त्याच्याच भाषेत. आणि साधारण एक वर्षानं, ३१ जानेवारी १९२० ला, 'मूकनायक' काढला. मराठीत! छत्रपती शाहू महाराजांनी त्याला अडीच हजारांची मदत दिली.

न्यूयॉर्कहून आलेल्या माणसानं मराठी पाक्षिक काढावं, यात आम्हाला त्यांच्या परदेशी शिक्षणाचं खरं फळ दिसतं. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी इंग्रजीत आणि ज्याच्यासाठी भांडायचं त्याच्याशी मराठीत. आपल्या धम्मात ही दृष्टी जुनी आहे. बुद्धवचन छांदस भाषेत घालावं असं दोन ब्राह्मण कुळातल्या भिक्खूंनी सुचवलं तेव्हा तथागतांनी ते नाकारलं आणि ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत शिकावं असं सांगितलं, ही विनयातली कथा आपल्या भन्तेजींकडून आपण ऐकली आहे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. हे दुसरं पर्व पोटाच्या हालाचं. खाष्ट घरमालकीण, सकाळी पावाचा तुकडा, रात्री भाजलेले चार पापड, आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधात ब्रिटिशांच्या चलनधोरणावर इतकी कडक टीका होती की परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. मुंबईला परतून त्यांनी तो लिहिला, निष्कर्ष न बदलता. १९२३ साली तो ग्रंथ छापून निघाला तेव्हा प्रा. कॅनन यांनी काही मुद्द्यांवर मतभेद असूनही प्रस्तावना दिली. आणि अर्पण कुणाला? आई-वडिलांना, शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल. तर्खडकरांची पाठमाला शिकवणाऱ्या बापाला लंडनमध्ये छापलेल्या इंग्रजी ग्रंथाचं पहिलं पान मिळालं. त्या काळातलं त्यांचं घर, १० किंग हेन्रीज रोड, महाराष्ट्र शासनानं २०१५ साली घेऊन स्मारक केलं आहे. लंडनला जाणारी आपली मुलं तिथं डोकं टेकवून येतात.

त्या शिक्षणाचं पीक महाडला दिसलं. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत समोर खेड्यापाड्यांतली, बहुतेक निरक्षर माणसं बसलेली. त्यांच्यापुढे बाबासाहेब मराठीत बोलतायत आणि आपल्या सभेची तुलना करतायत १७८९ च्या फ्रान्समधल्या, व्हर्सायच्या राष्ट्रीय सभेशी. रॉबिन्सनच्या वर्गात ऐकलेला इतिहास चवदार तळ्याच्या काठी आला. तो सांगताना त्यांनी लोकांना कमी लेखलं नाही, की तुम्हाला काय कळणार म्हणून सोपं गोडगोड केलं नाही. हाच नेम शेवटपर्यंत राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या जागतिक परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर इंग्रजीत बोलले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांनी इंग्रजीत लिहिला, कारण तो जगापुढे ठेवायचा होता. वर्षावासात आपण तो मराठीत वाचतो.

आता त्यांच्या मागून गेलेल्यांकडे वळू. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले आणि त्यातून सोळा विद्यार्थी विलायतेला गेले. आपले बॅ. राजाभाऊ खोब्रागडे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन त्यांनी चळवळीला वाहून घेतलं. पुढे ते राज्यसभेचे उपसभापती झाले. केरळचे के. आर. नारायणन टाटांच्या मदतीवर लंडनला प्रा. लास्कींकडे शिकले आणि १९९७ साली राष्ट्रपती झाले. सगळेच असे निघाले का? नाही. काही तिकडेच रमले, काही इकडे येऊन साहेब झाले आणि वस्तीचा रस्ता विसरले. शिकलेल्यांनी दगा दिला, हे आग्र्याच्या भाषणातलं बाबासाहेबांचं दुःख दर जयंतीला माइकवरून ऐकू येतं. पण आम्ही एक बाजू मांडू इच्छितो. जो मुलगा दहा बाय दहाच्या खोलीतून गेला, त्याला तिकडे पहिल्यांदा कुणी 'मिस्टर' म्हटलं, आणि परत आल्यावर भाड्यानं खोली बघताना आडनाव विचारलं गेलं, तो आडनाव बदलतो तेव्हा त्याच्या भित्रेपणाइतकाच बडोद्याचाही त्यात हात असतो. बाबासाहेबांनाही अकरा दिवस दुसरं नाव लावून राहावं लागलं होतं. फरक एवढाच की त्यांनी पुढे तीच हकिकत स्वतःच्या नावानं लिहून जगाला सांगितली.

केंद्र सरकारनं १९५४-५५ साली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. पण धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांची वेगळीच कोंडी झाली. १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या हिशेबी अनुसूचित जातीत मोडत नव्हता. महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राच्या मात्र नाहीत. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं की दार बंद, 'हिंदू' लिहिलं की उघडं. किती घरांत या एका रकान्यावरून बाप-लेकांत रात्र-रात्र वाद झाले असतील! काहींनी शिष्यवृत्ती सोडली, धर्म सोडला नाही. काहींनी कागदावर एक आणि घरात एक असं चालवलं, त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांना तो हक्क मिळाला. तोवर एक अख्खी पिढी निघून गेली होती. परदेशी जाऊन ओळख बदलते की नाही ही पुढची गोष्ट. आपल्याकडे ती जायच्या आधीच, फॉर्म भरताना पणाला लागत होती.

नरेंद्र जाधवांचं उदाहरण बहुतेकांना माहीत आहे. वडाळ्यात वाढलेला, पोर्ट ट्रस्टमधल्या कामगाराचा मुलगा अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात गेला आणि १९८६ साली अर्थशास्त्रात डॉक्टर झाला. नंतर पुस्तक लिहिलं ते बापावर, बापाच्या बोलीसकट, मराठीत : 'आमचा बाप आन् आम्ही', १९९३. इंग्रजी आवृत्ती मागाहून आली. आपल्या घरातल्या बोलीची लाज वाटेनाशी होणं हाही परदेशी शिक्षणाचा एक परिणाम असतो, तो असा.

२००३ पासून महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. शाहू महाराजांचं नाव त्याला शोभतं, कारण बाबासाहेबांच्या दुसऱ्या खेपेला त्यांचाही हातभार होता. तिच्यावर गेलेल्या मुला-मुलींशी बोललं की सगळ्यांचं पहिलं दुःख एकच निघतं : पहिले दोन-तीन महिने वर्गात तोंड उघडत नाही. इंग्रजीची परीक्षा पास होऊन गेलेले असतात, लिहिता येतं, वाचता येतं. पण तिथल्या गोऱ्यांचे उच्चार कानावरून जातात, आणि आपण बोललो तर व्याकरण चुकेल या धाकानं हात वर होत नाही. हा धाक इंग्रजीचा कमी आणि आपल्या शाळांचा जास्त. तिकडच्या मास्तरांना चुकलेल्या व्याकरणाचं काही वाटत नाही, गप्प बसलेल्या विद्यार्थ्याचं वाटतं. एकदा हे उमगलं की सहा महिन्यांत गाडी रुळावर येते. सातव्या शतकातला चिनी भिक्खू इत्सिंग नालंदेला यायच्या आधी वाटेत श्रीविजयला सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला होता. सहा महिन्यांचा हिशेब तेव्हापासूनचा दिसतो! मराठी माध्यमातून गेलेली मुलंही यात मागे राहत नाहीत, फक्त त्यांची मराठी पक्की असावी लागते. अर्धी मराठी आणि अर्धं इंग्रजी घेऊन गेलेल्याची मात्र पंचाईत होते, आणि हल्ली अशी मुलं वाढतायत.

दुसरा धक्का वेगळा. बाबासाहेबांच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये हिंदुस्थानी माणसं मोजकी होती. आता तिकडच्या विद्यापीठांत आपल्याच देशातली हजारो मुलं आहेत, आणि तुझं आडनाव काय, मूळ गाव कुठलं, व्हेज की नॉनव्हेज हे प्रश्न त्यांच्याबरोबर विमानातून गेले आहेत. २१ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी केली. अमेरिकेतलं असं ते पहिलं शहर. यात आनंदही आहे आणि दुःखही, कारण बंदी घालावी लागली म्हणजे भेदभाव पोहोचला होता. तेव्हा बाबासाहेबांना मिळालेली ती पुसलेली पाटी आजच्या मुलाला तशीच मिळेल याची हमी नाही. पण नांदेडच्या वस्तीतून निघालेले सूरज एंगडे जोहान्सबर्गला डॉक्टरेट करून हार्वर्डला पोहोचले आणि २०१९ साली जातीवरच इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आपली जात आणि वस्ती न लपवता. वाट तीच आहे.

एक गोष्ट मात्र पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमावलीत असं कलम आलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक विषयांवरच्या संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. भारताचा अभ्यास भारतात करावा, असं कारण सांगितलं गेलं. ९ मे १९१६ चा तो निबंध आठवा. 'भारतातील जाती' हा विषय घेऊन भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यानं या खिडकीवर अर्ज दिला असता, तर तो विषयाच्या रकान्यापाशीच अडला असता. सयाजीराव महाराजांच्या करारानंही अर्थशास्त्र वगैरे विषय नेमून दिले होते, पण त्याखेरीज विद्यार्थ्यानं कशावर विचार करावा याला कुंपण घातलं नव्हतं. आपल्या मुलांनी इंजिनिअरिंग करावं, व्यवस्थापन शिकावं, त्यात वाईट काही नाही. पण ज्यानं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दाबलं, त्याचाच अभ्यास लांब उभं राहून करण्याची मुभा या एका योजनेतून गेली आहे.

राज्य शासनाच्या योजनेचे नियम वेगळे आहेत, आणि परदेशी विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्याही आहेत. तिथं विषयाला आडकाठी नसते. दरवर्षीची जाहिरात आणि अटी आधी वाचाव्यात, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र बारावीनंतरच काढून ठेवावं, ऐनवेळी पळापळ होते. विहारातल्या वाचनालयात शब्दकोश आणि बाबासाहेबांचे इंग्रजी-मराठी खंड आहेत. संध्याकाळी धम्मवंदनेनंतर दार उघडं असतं.

नमो बुद्धाय. जय भीम.